पुनर्वाचन आणि अटळता : ‘ड्रॅगनलान्स’च्या सामायिक विश्वाच्या निमित्ताने

साहित्यकृतीच्या वाचनासंबंधी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतांशी प्रथम वाचन गृहीत धरून होते. समीक्षक स्वतः मात्र ती कृती दोनदा, चारदा वाचून मगच लिहायला बसलेला असतो. या विसंगतीचा फारसा विचार झालेला नाही. शेवट ठाऊक असलेली कथा वाचक पुन्हा हाती का घेतो? दुसऱ्या वाचनात त्याला जे मिळते ती पहिल्या अनुभवाची फिकट आवृत्ती असते, की तो वेगळ्याच जातीचा अनुभव असतो? अभिजात कृतींच्या बाबतीत हा प्रश्न आपण चटकन निकालात काढतो. त्या कृती ‘अक्षय’ असतात, असे म्हणून मोकळे होतो. परंतु ज्यांना अभिजाततेचा दाखला कोणी दिलेला नाही, ‘पुढे काय होणार’ या कुतूहलापलीकडे ज्यांच्यात काही नाही असे समजले जाते, अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांकडेही वाचक वीस-तीस वर्षांनी निष्ठेने परततात. कुतूहल तर पहिल्याच वाचनात संपलेले असते. मग ते कशासाठी परततात?

या प्रश्नाची तपासणी करण्यासाठी मी मुद्दाम एक अवघड उदाहरण घेतो आहे. अमेरिकेत १९८४ पासून प्रसिद्ध होत आलेल्या ‘ड्रॅगनलान्स’ या कादंबरीमालेचे हे उदाहरण आहे. ते अवघड अशासाठी की, येथे पुन्हा वाचायची ती एक कृती नाही. अनेक लेखकांनी मिळून वसवलेले एक विश्व, त्याचा हजारो वर्षांचा कल्पित इतिहास, त्याची दैवते, वंशावळी, नकाशे, कालगणना असा सगळाच पसारा वाचकापुढे असतो. अशा विश्वाला ‘सामायिक विश्व’ म्हणता येईल. या पद्धतीचे लेखन रॉबर्ट ॲस्प्रिन यांनी संपादित केलेल्या ‘थीव्ह्ज वर्ल्ड’ (१९७९) या कथासंग्रहापासून विशेष रूढ झाले. तेथे सँक्च्युअरी या एकाच कल्पित नगरात निरनिराळ्या लेखकांनी आपापल्या कथा घडवल्या. ‘ड्रॅगनलान्स’मध्ये त्या नगराचे जग झाले. क्रिन हे त्या जगाचे नाव.

क्रिनचा जन्म कादंबरीतून झालेला नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथील टी. एस. आर. ही कंपनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्राभिनयाचा खेळ प्रसिद्ध करीत असे. तेथे नोकरीसाठी निघालेल्या ट्रेसी हिकमन आणि लॉरा हिकमन या दांपत्याला युटाहून येतानाच्या मोटारप्रवासात या जगाची कल्पना सुचली. कंपनीतील संपादक मार्गारेट वाइस यांची जोड मिळाल्यावर खेळाच्या साहस-पुस्तिका आणि कादंबऱ्या असे दुहेरी प्रकाशन सुरू झाले. ‘ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट’ (१९८४) आणि १९८५ मधील तिचे दोन पुढील भाग मिळून ‘क्रॉनिकल्स’ ही पहिली त्रयी, तर १९८६ मधील तीन कादंबऱ्यांची ‘लेजंड्स’ ही दुसरी. पुढे इतर अनेक लेखकांनी मिळून या विश्वात दीडशेहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या.

खेळ आणि कादंबरी ही एकाच कथावस्तूची दोन रूपे शेजारी शेजारी उभी असल्यामुळे या दोन रूपबंधांमधील भेद येथे विलक्षण स्पष्टपणे दिसतो. खेळात घटना अनिर्णित असतात. फासे पडतील, खेळाडू ठरवतील, त्याप्रमाणे कथा वळते. एखाद्या बैठकीत जे पात्र मरते ते दुसऱ्या बैठकीत जगते. इतकेच नव्हे, तर या साहस-पुस्तिकांत खेळ चालवणाऱ्यासाठी एक सूचनाच दिलेली होती : कथेला पुढे लागणारे पात्र मारले गेलेच, तर शक्यतो त्याचे शव कोणाच्या हाती लागू नये अशा रीतीने ते मारावे, म्हणजे पुढे त्याला परत आणता येईल. ‘अस्पष्ट मृत्यू’चा हा नियम म्हणजे सामायिक विश्वाच्या अर्थकारणाचे सूत्रच होय. जे विश्व चालू ठेवायचे आहे त्यात कोणाचाही मृत्यू संपूर्ण असून चालत नाही. सुपरमॅनविषयी १९६२ मध्ये लिहिताना अंबर्टो एको यांनी हेच निदान केले होते. ज्या नायकाने दर आठवड्याला परत यायचे असते, त्याचे आयुष्य खर्ची पडता कामा नये. कारण कृती केली की मनुष्य मृत्यूच्या दिशेने एक पाऊल सरकतो.

या पार्श्वभूमीवर ‘क्रॉनिकल्स’च्या दुसऱ्या भागातील, म्हणजे ‘ड्रॅगन्स ऑफ विंटर नाइट’मधील स्टर्म ब्राइटब्लेडचा मृत्यू पाहावा. स्टर्म हा सोलाम्नियाच्या सरदारसंघाची जुनी, लोकांच्या लेखी कालबाह्य आणि काहीशी हास्यास्पद झालेली प्रतिज्ञा पाळणारा मनुष्य आहे. वडिलांचे जुने चिलखत तो अंगावर वागवतो. ज्या संघाचा सरदार म्हणून तो वावरतो, त्या संघात त्याचा रीतसर प्रवेश अजून झालेलाही नसतो. तो उशिरा होतो, आणि झाल्यावर त्याला जगायला थोडाच अवधी उरतो. ‘हाय क्लेरिस्ट्स टॉवर’ या गडाच्या तटावर, पहाटे, आतल्या लोकांना तयारीला वेळ मिळावा एवढ्यासाठी तो शत्रूच्या ड्रॅगनसमोर एकटा उभा राहतो. त्याला मारणारी किटियारा ही त्याची जुनी सोबतीण आहे. येथे अस्पष्ट काही नाही. शव आहे, त्याच्यापाशी उभी राहिलेली लॉराना आहे, अंत्यविधी आहे. खेळाने जे मोकळे ठेवले होते ते कादंबरीने कायमचे बंद केले. फासे जिकडे हवे तिकडे पडू शकले असते, हे वाचकाला ठाऊक असते. म्हणूनच ते एकदा असे पडले आणि आता पुन्हा पडणार नाहीत, ही जाणीव या प्रसंगात तीव्र होते.

माझे प्रतिपादन असे आहे : सामायिक विश्वातील जुन्या कादंबरीकडे परतणारा वाचक मुख्यतः या अटळतेकडे परततो. ती त्याला त्या विश्वाच्या पुढील विस्तारात मिळेनाशी झालेली असते.

आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत हे अधिक नेमके मांडता येईल. अद्भुताचा स्थायिभाव विस्मय. विस्मयाला अपूर्वता लागते. जे प्रथमच समोर येते तेच चकित करते. तेव्हा अद्भुतरम्य कादंबरीचे पुनर्वाचन हे तत्त्वतः अद्भुताच्या हानीने सुरू होते. ड्रॅगन दुसऱ्यांदा आकाशात दिसतो तेव्हा तो ओळखीचा असतो. जर या कादंबऱ्यांत विस्मयाखेरीज काही नसते, तर पुनर्वाचन पहिल्या पन्नास पानांतच थांबले असते. परंतु स्टर्म पहिल्या कादंबरीच्या आरंभी ‘लास्ट होम’ या खानावळीत मित्रांना भेटतो, तेव्हा प्रथम वाचकाला तो जरा ताठर, विनोदाचे अंग नसलेला गृहस्थ वाटतो. पुनर्वाचकाला मात्र तो मरणार असलेला मनुष्य दिसतो. त्याचे प्रत्येक साधे वाक्य, चिलखताविषयीचा त्याचा हट्ट, आजारी रेस्टलिनशी उडणारे त्याचे खटके, या सर्वांवर त्या पहाटेची छाया पडलेली असते. विस्मय ओसरलेला असतो आणि त्याच्या जागी शोक आलेला असतो. कृती तीच असून तिचा प्रधान रस पालटतो. हा पालट संहितेत बीजरूपाने होताच. प्रथम वाचनात तो दिसू शकत नव्हता, इतकेच.

कीर्तनात अभिमन्यूचे आख्यान ऐकणाऱ्या श्रोत्याला चक्रव्यूहाचा शेवट ठाऊक असतो आणि तरीही तो उठून जात नाही, हा अनुभव मराठी वाचकाला अपरिचित नाही. या दोहोंत फरक एवढाच की, आख्यानाला परंपरेचे अधिष्ठान असते. अभिमन्यूला कोणी जिवंत करील अशी भीती श्रोत्याला नसते. क्रिनच्या वाचकाला ती भीती असते, आणि ती निराधार नाही.

येथे कथेच्या शेजारी उभ्या राहिलेल्या दुसऱ्या संहितेकडे वळले पाहिजे. सामायिक विश्वात कथेबरोबर त्या विश्वाविषयीच्या माहितीचा एक साठा वाढत जातो. कोणत्या शतकात काय घडले, कोणाचा बाप कोण, कोणत्या जादूगाराचा झगा कोणत्या रंगाचा, असे सारे त्यात असते. याला आपण ‘कोश’ म्हणू. निष्ठावंत वाचक हा कथेचा वाचक असतो तसाच या कोशाचा राखणदारही असतो. कथा आणि कोश यांचे नाते वरवर पूरक दिसते, प्रत्यक्षात ते तणावाचे आहे. वोल्फगांग इझर यांच्या मते संहितेतील रिक्त जागा वाचकाला कामाला लावतात आणि त्या भरताना वाचक अर्थाच्या निर्मितीत सहभागी होतो. कोशाला मात्र रिक्त जागा सहन होत नाही. त्याच्या दृष्टीने ती केवळ अपुरी नोंद असते.

‘क्रॉनिकल्स’मध्ये अशा जागा पुष्कळ आहेत. पहिल्या कादंबरीचा शेवट आणि दुसरीचा आरंभ यांच्यामध्ये थॉर्बार्डिन या ड्वार्फ लोकांच्या भूमिगत राज्यातला सबंध प्रवास गाळलेला आहे. तो खेळाच्या पुस्तिकांत होता, कादंबरीत नुसता उल्लेखाने येतो. आइसवॉलची मोहीमही अशीच ओझरती, गीताच्या आधाराने सांगितलेली आहे. या जागा पुढे ‘लॉस्ट क्रॉनिकल्स’ (२००६ ते २००९) या त्रयीत वाइस आणि हिकमन यांनी स्वतःच भरल्या. ह्यूमा हा ‘क्रॉनिकल्स’मध्ये केवळ दंतकथेतला वीर होता. रिचर्ड नाक यांच्या ‘द लेजंड ऑफ ह्यूमा’ने (१९८८) त्याला चरित्र दिले. या कादंबऱ्यांना स्वतंत्र गुण नाहीत असे मी म्हणत नाही. परंतु गीतातला ह्यूमा दूर होता म्हणूनच स्टर्मला त्याच्याकडे मान वर करून पाहता येत होते. जवळून पाहिलेला ह्यूमा हे काम तितक्या चांगल्या रीतीने करू शकत नाही.

याहून गुंतागुंतीचे उदाहरण किटियाराचे. ‘द सेकंड जनरेशन’ (१९९४) या पुस्तकातून वाचकाला कळते की, तिला स्टर्मपासून झालेला एक मुलगा आहे. त्याचे नाव स्टील ब्राइटब्लेड. ही नोंद कोशात शिरताच नऊ वर्षांपूर्वी छापलेला तटावरचा प्रसंग बदलतो. आता किटियारा जुन्या सोबत्याला मारीत नाही, तर आपल्या मुलाच्या बापाला मारते. संहितेतील एक अक्षरही बदललेले नाही आणि तरीही पुनर्वाचकापुढे दोन संहिता उभ्या राहतात. एक १९८५ ची, दुसरी कोशाने भारलेली. कोशनिष्ठ वाचक दुसरी संहिता वाचतो आणि त्यात त्याला जास्तीचा शोकात्म भार सापडतो. पहिल्या संहितेकडे परतणारा वाचक ही माहिती जाणूनबुजून दूर ठेवतो. या दोहोंपैकी एकालाच ‘खरा’ वाचक ठरवण्याचे कारण नाही. मात्र पुनर्वाचन ही निष्क्रिय स्मरणरंजनाची क्रिया नसून संहितेच्या निवडीची क्रिया आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आश्चर्य असे की, हा सगळा वाद या विश्वाने आपल्या कथांमध्येच मांडून ठेवलेला आहे. ‘लेजंड्स’ त्रयी ही कालप्रवासाची कथा आहे. तीत एक नियम येतो : मनुष्य, एल्फ आणि ओगर हे भूतकाळात गेले तरी तो बदलू शकत नाहीत. केंडर, ड्वार्फ आणि नोम या नंतर उद्भवलेल्या वंशांपैकी कोणी गेला, तर मात्र काळ बदलू शकतो. टॅसलहॉफ हा उपद्व्यापी केंडर न बोलावता बरोबर जातो आणि अटळता धोक्यात येते. देव होऊ पाहणारा रेस्टलिन यशस्वी झाला तर काय होईल, ते त्याचा जुळा भाऊ कॅरामन भविष्यात जाऊन पाहतो. तेथे चिखल, राख आणि निर्जीव जग आहे, आणि सर्व काही जसे घडले तसे लिहून ठेवणारा बखरकार ॲस्टिनस शेवटचा ग्रंथ लिहीत आहे. सारे काही बदलण्याची मुभा मिळालेल्या विश्वात अखेर लिहिण्याजोगे काही उरत नाही, असेच जणू हे चित्र सांगते. रेस्टलिन आपली महत्त्वाकांक्षा सोडून नरकात राहणे पत्करतो. त्याची थोरवी त्या त्यागाच्या कायमपणात आहे.

पुढच्या इतिहासाने हा कायमपणा फारसा जपला नाही. ‘ड्रॅगन्स ऑफ समर फ्लेम’मध्ये (१९९५) रेस्टलिन पुन्हा दिसतो. त्याच कादंबरीच्या अखेरीस देव जग सोडून जातात, आणि १९९६ मध्ये ‘फिफ्थ एज’ या नावाने नवी खेळपद्धती आणि नवा कालखंड सुरू होतो. अनेक जुन्या वाचकांना हे आपले जग वाटले नाही. १९९७ मध्ये टी. एस. आर. ही कंपनीच विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली. त्यानंतरची ‘वॉर ऑफ सोल्स’ (२००० ते २००२) ही त्रयी झालेल्या बदलाची डागडुजी करते. पण ती ज्या मार्गाने करते तो लक्षणीय आहे. टॅसलहॉफने केऑसच्या पायाखाली चिरडून मरायचे होते. कालयंत्राच्या साहाय्याने तो त्या क्षणातून निसटून पुढच्या काळात आला आहे. जग सावरायचे तर त्याने परत जाऊन मेले पाहिजे. आयुष्यभर भीती म्हणजे काय हे न कळलेल्या या पात्राला ते कळते, आणि तरीही तो जातो. व्यावसायिक गरजेतून निघालेल्या कथानकाने येथे आपल्याच प्रकृतीविरुद्ध साक्ष दिलेली आहे. मृत्यू टळला तर कथा मोडते, हे ती स्वतःच सांगते.

आणि २०२२ मधील ‘ड्रॅगन्स ऑफ डिसीट’ तर थेट पुनर्वाचकाची कथा आहे. तिची नायिका डेस्टिना रोझथॉर्न हिचा बाप त्याच गडावरच्या, त्याच लढाईत मारला गेला आहे. तिला कालयंत्र मिळवून मागे जायचे आहे आणि बापाला वाचवायचे आहे. सदतीस वर्षे ज्या प्रसंगाकडे वाचक परत परत येत राहिले, त्याच प्रसंगाकडे ती निघाली आहे. वाचक जातो तो घडलेले पाहायला, ती निघते ते न घडवायला. तिचे दुःख खरे आहे, तिची इच्छा कोणालाही समजण्यासारखी आहे, आणि ती इच्छा म्हणजेच या विश्वाचा सर्वांत जुना मोह आहे. तिचा प्रवास इष्ट स्थळी न पोहोचता ह्यूमाच्या काळात भरकटतो, ही केवळ कथानकाची क्लृप्ती म्हणून सोडून द्यावी असे मला वाटत नाही.

एक आक्षेप येथे विचारात घ्यावा लागेल. या कादंबऱ्यांना आपण इतके मोठे आशय चिकटवतो आहोत, पण त्यांचे वाङ्मयीन मोल काय? ‘क्रॉनिकल्स’ची भाषा सरळसोट आहे, प्रसंगांची रचना अनेकदा खेळाच्या टप्प्यांसारखी आहे, हे मान्यच केले पाहिजे. पौगंडावस्थेत वाचलेले पुस्तक चाळिशीत हाती घेणाऱ्याला आणखीही काही खुपते. गली ड्वार्फ या वंशाचे चित्रण मंदबुद्धीची टर उडवणारे आहे. उत्तर अमेरिकेतील आदिवासींच्या साचेबंद प्रतिमांवरून गोल्डमून आणि रिव्हरविंड यांची पात्रे बेतलेली आहेत. सर्वांत मोठा प्रश्न प्रलयाचा. इस्टारच्या राजपुरोहिताच्या गर्वाबद्दल देवांनी अग्निपर्वत फेकून असंख्य निरपराधांचा संहार केला, आणि वर कथा म्हणते की देवांनी माणसांना सोडले नाही, माणसांनीच देवांकडे पाठ फिरवली. पंधराव्या वर्षी हे वाक्य गंभीर वाटते. प्रौढ वयात ते अन्यायाचे समर्थन वाटू लागते. परंतु हा आक्षेप पुनर्वाचनाच्या विरुद्ध जात नाही, उलट त्याचे दुसरे कार्य दाखवतो. शेवट ठाऊक असलेला वाचक घाईत नसतो. त्याला थांबून विचारता येते की, हे असेच घडायला हवे होते काय. शोक आणि न्याय हे दोन्ही त्या रिकाम्या झालेल्या वेळात शक्य होतात. संहिता मात्र जशी आहे तशीच राहिली पाहिजे. नंतरच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त झालेल्या जगाचा न्याय करता येत नाही.

अखेरचा मुद्दा मालकीचा. ऑक्टोबर २०२० मध्ये वाइस आणि हिकमन यांनी नव्या त्रयीचा करार मोडल्याच्या तक्रारीवरून विझर्ड्स ऑफ द कोस्टविरुद्ध अमेरिकेच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला. डिसेंबरमध्ये तो मागे घेतला गेला आणि पुस्तके पुढे प्रसिद्ध झाली. ज्यांनी हे जग कल्पिले त्यांनाच त्यात परतण्यासाठी परवाना लागावा, ही वस्तुस्थिती लेखक या संकल्पनेविषयी पुष्कळ सांगून जाते. कंपनीकडे जगाची कायदेशीर मालकी आहे, लेखकांकडे त्याची स्मृती आहे. वाचकाकडे यांपैकी काहीच नाही. त्याच्याकडे एक जीर्ण झालेली प्रत आहे. कंपनी नवा कालखंड काढू शकते, लेखक डेस्टिनाला मागे पाठवू शकतात. पण १९८५ च्या त्या प्रतीत स्टर्म तटावर उभा राहतो आणि मरतो, हे कोणालाच पुसता येत नाही. पुनर्वाचक नेमकी ही खात्री करून घ्यायला येतो. ॲस्टिनसचे काम तो आपल्या परीने चालवत असतो : घडले ते घडले, असे नोंदवणे.

लोकप्रिय वाङ्मयाचा विचार करताना आपण आजवर खप, सूत्रबद्धता आणि पलायन या तीनच कसोट्या वापरत आलो. या कादंबऱ्यांचा वाचक प्रथम वाचनात पळून जातही असेल. पण तिसऱ्या वाचनाला बसलेला मनुष्य, ज्या पानावर आपला आवडता माणूस मरणार आहे त्या पानाकडे डोळे उघडे ठेवून निघालेला असतो. त्याला पलायनवादी म्हणण्यापूर्वी आपली कसोटी एकदा तपासून पाहिली पाहिजे.